स्पेन आणि दक्षिण फ्रान्सच्या प्रवासात चांगली उपाहारगृहे कशी निवडावीत?

पाचपाखाडीकर (ठाणे)

नमस्कार. येत्या मे महिन्यात मी, माझे पती, सासूबाई आणि सातवीत जाणारा मुलगा असे आम्ही चौघे स्पेन आणि दक्षिण फ्रान्सला जात आहोत. माद्रिद, कोर्दोबा, सेव्हिल, ग्रानादा, वालेन्सिया, बार्सिलोना, तेथून रेल्वेने नारबोन आणि आव्हिन्यों आणि शेवटी नीस असा मार्ग आखला आहे. व्हिसा, विमानाची तिकिटे आणि राहण्याची सोय ही सर्व कामे उरकली आहेत. जेवणाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, आणि आमच्या घरात सध्या सर्वांत जास्त चर्चा त्याचीच चालू आहे.

सहल कंपनीबरोबर गेलो असतो तर रोज संध्याकाळी सात वाजता बस कुठल्या तरी भारतीय उपाहारगृहासमोर थांबली असती आणि तेच पनीर, तीच डाळ समोर आली असती. ते टाळण्यासाठीच आम्ही स्वतंत्रपणे जाण्याचे ठरवले. अडचण अशी की आमच्या चौघांचे आहार चार प्रकारचे आहेत. पती मासे आणि चिकन आनंदाने खातात. मी अंडे खाते, पण मांस-मासे खात नाही. सासूबाई अंडेही खात नाहीत, शिवाय त्यांना मधुमेह असल्यामुळे त्यांचे रात्रीचे जेवण साडेसातच्या पुढे गेलेले चालत नाही. मुलाला बटाटा दिसला की तो खूश असतो.

इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये प्रत्येक शहराची तीच ती दहा नावे सापडतात, आणि नकाशावर पाहावे तर प्रत्येक जागेला साडेचार तारे असतातच. भाषा येत नसताना आणि रस्त्यावर उभे राहून निर्णय घ्यायचा असताना एखादी जागा खरोखर चांगली आहे की केवळ पर्यटकांवर चालते, हे आपण कसे ओळखता? दुपारच्या जेवणासाठी माणशी वीस युरोपर्यंत खर्च करण्याची आमची तयारी आहे. नुसती नावे देण्यापेक्षा निवड करण्याची रीत कुणी सांगितली, तर ती पुढेही उपयोगी पडेल.

ऐरोलीकर

कामानिमित्त काही वर्षे वालेन्सियात राहिलो होतो, म्हणून स्पेनपुरते लिहितो.

तेथे आधी वेळ ठरवावी आणि मग जागा शोधावी. दुपारचे जेवण दोन ते साडेतीनच्या दरम्यान होते आणि तेच दिवसाचे मुख्य जेवण असते. चारच्या सुमारास स्वयंपाकघर बंद होते ते रात्री साडेआठ-नऊला उघडते, आणि स्थानिक कुटुंबे साडेनऊच्या आधी क्वचितच टेबलावर बसतात. हे आपल्याला विचित्र वाटते, पण स्पेनचे घड्याळ 1940 पासून मध्य युरोपाच्या वेळेवर चालते आणि देश मात्र त्या वेळेच्या बऱ्याच पश्चिमेला आहे. मे महिन्याच्या मध्यावर माद्रिदमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो. त्यामुळे संध्याकाळी साडेसहाला फलक लावून गरमागरम पूर्ण जेवण देणाऱ्या जागा जवळजवळ नेहमी परक्या माणसांसाठीच चालवलेल्या असतात. कुठलाही तारा किंवा अभिप्राय न पाहता लागू करता येईल अशी ही पहिली चाळणी आहे.

दुपारी ‘मेनू देल दिया’ शोधावा. आठवड्याच्या कामाच्या दिवसांत बहुतेक साधी उपाहारगृहे ठरावीक दरात एक पहिला पदार्थ, एक दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड पदार्थ किंवा कॉफी देतात. शहरानुसार बारा ते अठरा युरोच्या आसपास दर असतो, म्हणजे आपल्या अंदाजपत्रकात तो आरामात बसतो. चांगल्या जागेचा फलक खडूने किंवा हाताने लिहिलेला असतो, त्यावर त्या दिवसाचे चार-पाच पहिले आणि तितकेच दुसरे पदार्थ असतात आणि दुसऱ्या दिवशी ते बदललेले दिसतात. छायाचित्रे नसतात. सव्वादोनला दारातून आत डोकावले की टेबलांवर कागदी आच्छादने अंथरलेली दिसतात, शेजारच्या बँकेतली आणि गॅरेजमधली माणसे एकाच ओळीत बसलेली असतात आणि वाढपी उभ्याउभ्या सगळी यादी एका दमात म्हणून दाखवतो. त्याला दुसऱ्यांदा म्हणायला सांगण्यात संकोच करू नये, तेथे सर्वच जण तसे करतात. शनिवारी-रविवारी मात्र हा मेनू बहुधा मिळत नाही किंवा महाग होतो, म्हणून त्या दोन दिवसांची सोय वेगळी करावी.

आता पाएया या तांदळाच्या पदार्थाविषयी, कारण बहुतेक लोक फसतात ते याच पदार्थावर. वालेन्सियाच्या मूळ पाएयात कोंबडी, ससा, हिरव्या शेंगा आणि ‘गारोफो’ नावाचे मोठे पांढरे पावटे असतात. माशांचा तो नव्हेच. तो दुपारी खातात, किमान दोन माणसांसाठी करतात आणि सांगितल्यापासून अर्धा तास तरी लागतो, कारण तांदूळ पसरट कढईत पातळ थरात शिजून तळाशी खरपूस खरवड धरावी लागते. रात्री आठ वाजता, एका माणसासाठी, दहा मिनिटांत येणारी पाएया बहुधा कारखान्यातून गोठवून आलेली असते. शेजारशेजारच्या चार उपाहारगृहांबाहेर हुबेहूब एकच छायाचित्रफलक दिसण्याचे कारणही तेच आहे.

सासूबाईंच्या वेळेचा प्रश्न यातूनच सुटतो. दोन वाजता भरपेट जेवावे, सहाला तेथील पद्धतीप्रमाणे काहीतरी खावे आणि साडेसातच्या आत एखाद्या बारमध्ये हलके खाऊन दिवस संपवावा. बार हा शब्द ऐकून दचकू नये. तेथे आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात, आणि मद्य न घेता बसलेल्या माणसाकडे कुणी वळूनही पाहत नाही.

खारघरचा खवय्या

ऐरोलीकरांचे म्हणणे मला अर्धेच पटते. रस्त्याने हिंडत फलक वाचत निवड करणे हे एकट्या माणसाला ठीक आहे, पण सोबत ज्येष्ठ नागरिक आणि मूल असताना दुपारी दोनच्या उन्हात सेव्हिलमध्ये चार दारे पाहत फिरणे मला तरी जमणारे नाही. मे महिन्यात तेथे पारा पस्तिशीच्या घरात सहज जातो.

माझी पद्धत अशी आहे. मिशेलिनचे नाव घेतले की लोकांना तारे आणि शेकडो युरोंची बिले आठवतात, परंतु त्याच मार्गदर्शिकेत 1997 पासून ‘बिब गुर्माँ’ हे वेगळे मानांकन आहे आणि ते माफक दरात उत्तम जेवण देणाऱ्या जागांनाच मिळते. स्पेनपुरती रेप्सोल या तेल कंपनीची मार्गदर्शिका मला अधिक उपयोगी वाटते. तिच्यात मोठ्या उपाहारगृहांना ‘सोल’, म्हणजे सूर्य, दिले जातात आणि साध्या बारना, आइस्क्रीमच्या दुकानांना, चौकातल्या खाणावळींना ‘सोलेते’ हे धाकटे मानांकन मिळते. ही धाकटी यादीच आपल्या कामाची आहे. दोन्ही याद्या संकेतस्थळावर नकाशासह विनामूल्य पाहता येतात. प्रत्येक मुक्कामासाठी चालत जाता येतील अशा दोन जागा निवडाव्यात, त्यांचा बंद राहण्याचा वार पाहावा आणि एका जागेचे आरक्षण करून ठेवावे. दोन्ही देशांत ‘द फोर्क’ या अॅपवरून आरक्षण करता येते, त्यामुळे परक्या भाषेत फोन करण्याची वेळ येत नाही.

अभिप्राय वाचायचे असतील तर पाच ताऱ्यांचे सोडून द्यावेत आणि तीन ताऱ्यांचे वाचावेत. त्यातही स्पॅनिश, कातालान किंवा फ्रेंच भाषेत लिहिलेले, गेल्या काही महिन्यांतले, भाषांतर करून वाचावेत. नापसंत माणूस नेमके कशावर नाराज होता, हे कळले की निर्णय सोपा होतो. ‘वाढायला फार वेळ लावला’ ही तक्रार आपल्याला चालेल, पण ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ हे दोन-तीन जणांनी लिहिले असेल तर पुढे जावे.

पाचपाखाडीकर (ठाणे)

दोघांचेही मनापासून आभार. दुपारचे जेवण मुख्य करण्याची कल्पना सासूबाईंना ऐकवली आणि त्यांना ती लगेच पटली.

आता खरा काळजीचा भाग विचारते. शाकाहार सांगितल्यावर तेथे नेमके काय समजले जाते? मासे किंवा मांसाचे तुकडे बाजूला काढून तेच ताट पुढे करतील का, ही सासूबाईंची मुख्य धास्ती आहे. शिवाय प्रवासात एक संकष्टी येते आहे. तिच्यासाठी फळे, बदाम आणि उकडलेला बटाटा यांवर भागेल असे त्या म्हणतात, पण मे महिन्यात तेथे चंद्रोदयाला मध्यरात्र उलटते असे दिसते. स्पेनमधली रात्रीच्या जेवणाची वेळसुद्धा त्यापुढे लवकरचीच म्हणायची!

नौपाड्याची लेक

माझ्या आईला घेऊन मी आंदालुसियात, म्हणजे सेव्हिल-ग्रानादाच्या प्रांतात, फिरले आहे आणि ती अंडेसुद्धा खात नाही, म्हणून आपला प्रश्न मला नेमका कळतो.

‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून थांबू नये. स्पेनमध्ये मांस म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे तुकडा येतो, आणि भाजीवर भुरभुरलेले हामोन, म्हणजे मुरवलेले डुकराचे मांस, हे त्यांना मसाल्यासारखे वाटते. हिरव्या शेंगांची भाजी, वाटाणे, मसुराचे सार, क्रोकेता नावाचे तळलेले गोळे या सर्वांत ते किंवा चोरिसो हे डुकराच्या मांसाचे सॉसेज असण्याची शक्यता मोठी असते. ‘मिश्र सॅलड’ मागितले तर त्यावर टुना मासा येतो. म्हणून नको असलेल्या वस्तूंची नावे एकेक करून सांगावीत: सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन अतून, सिन उएवो, म्हणजे अनुक्रमे मांस, हामोन, मासे, टुना आणि अंडे नको. हे मोबाइलवर मोठ्या अक्षरांत स्पॅनिशमध्ये लिहून ठेवले आणि वाढप्याला दाखवले की तो ते वाचून थेट आत घेऊन जातो. सार किंवा भात असेल तर तो कशाच्या पाण्यात शिजवला आहे, हेही विचारावे.

एक गोष्ट फार कामाची आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती प्रत्येक उपाहारगृहाने ग्राहकाला देणे बंधनकारक आहे, आणि त्या चौदांत अंडे, मासे, कोळंबी वर्गातले प्राणी आणि शिंपले वर्गातले प्राणी येतात. त्यामुळे अनेक मेनूंवर पदार्थासमोर छोटी चित्रे किंवा क्रमांक असतात. तेवढ्यावरून अंड्याचा आणि माशांचा प्रश्न भाषा न येताही सुटतो. मात्र मांस त्या यादीत नाही, कारण ते ॲलर्जीकारक मानलेले नाही. चित्र दिसले नाही म्हणजे हामोन नाही, असे समजू नये.

सासूबाईंना निर्धास्तपणे खाता येईल असे पुष्कळ आहे. सेव्हिलमधली पालक आणि काबुली चण्यांची भाजी जिऱ्याच्या वासासकट घरची वाटते. कोर्दोबाला वांग्याच्या तळलेल्या कापांवर उसाची काकवी घालून देतात. मधुमेहामुळे काकवी वेगळी मागावी. तेथलेच साल्मोरेहो, म्हणजे टोमॅटो आणि पावाचे घट्ट गार सार, उत्तम असते, पण त्यावर उकडलेले अंडे आणि हामोन पेरण्याची रीत आहे, तेव्हा ते वाढण्याआधीच नको म्हणून सांगावे. बदाम आणि लसणाचे पांढरे गार सार ‘आहोब्लांको’ मिळाले तर सोडू नये. भाजलेली वांगी आणि लाल मिरच्यांची ‘एस्कालिवादा’ बार्सिलोनात मिळते, तिच्यावर मात्र अँचोव्ही नावाचे खारवलेले मासे नाहीत ना ते पाहावे. पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या, पावावर चोळलेला टोमॅटो आणि मुलासाठी तिखटसर सॉसमधले बटाटे तर जवळजवळ प्रत्येक बारमध्ये असतात. ‘तोर्तिया’ म्हणजे बटाट्याचे जाडजूड ऑम्लेट, ते आपल्याला चालेल, सासूबाईंना नाही. चुरो या तळलेल्या कांड्यांच्या पिठात परंपरेने केवळ मैदा, पाणी आणि मीठ असते.

ग्रानादात प्रत्येक पेयाबरोबर एक तापा, म्हणजे छोट्या बशीतला खाण्याचा पदार्थ, फुकट मिळतो आणि तो कोणता द्यायचा हे बारवालाच ठरवतो. मुलाच्या लिंबू सोड्याबरोबरही तो येतो. पेय सांगतानाच शाकाहाराचे सांगितले तर बहुतेक ठिकाणी आनंदाने बदलून देतात, नंतर सांगितले तर ताट तुमच्या पतींपुढे सरकते एवढेच.

चीजच्या बाबतीत सासूबाई कितपत काटेकोर आहेत ते मला माहीत नाही. मांचेगो वगैरे पारंपरिक चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात. एस्त्रेमादुरा भागातले ‘तोर्ता देल कासार’ हे मात्र एका काटेरी झाडाच्या फुलांनी विरजले जाते, आणि ते चमच्याने खाण्याइतके मऊ असते.

नेरूळ सेक्टर सहा

फ्रान्सविषयी कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मुलगी मोंपेलिएला शिकत असताना त्या बाजूला राहणे झाले.

बार्सिलोनाहून गाडीने सीमा ओलांडली की जेवणाची वेळ दोन तासांनी अलीकडे येते, आणि स्पेनची सवय लागलेले प्रवासी येथेच उपाशी राहतात. दक्षिण फ्रान्समध्ये दुपारचे जेवण बारा ते दीड. पावणेदोनला दारात उभे राहिलात तर आतला माणूस खांदे उडवून नकार देतो आणि त्याला त्यात काही गैर वाटत नाही. रात्रीचे स्वयंपाकघर साडेसात वाजता उघडते, ते सासूबाईंना स्पेनपेक्षा सोयीचे आहे.

नारबोनला पोहोचल्यावर सरळ झाकलेल्या बाजारात, म्हणजे ‘ले आल’मध्ये जावे. 1901 सालची लोखंड आणि काचेची ही इमारत रोज सकाळपासून दुपारपर्यंत उघडी असते, रविवारीसुद्धा. भाजी, चीज, ऑलिव्ह आणि पाव यांची दुकाने आणि मधोमध खाण्याचे कट्टे अशी रचना असल्याने चार आहारांच्या कुटुंबाला यापेक्षा सोयीची जागा नाही. एका कट्ट्यावर मालक भोंग्यातून समोरच्या खाटकाला मांसाची मागणी ओरडून सांगतो, खाटीक कागदात गुंडाळलेला पुडा गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून फेकतो आणि मालक तो झेलून तव्यावर टाकतो. आपल्या पतींना आणि मुलाला तेथे बसवावे आणि सासूबाईंना फळांच्या बाजूला न्यावे. आव्हिन्योंचा झाकलेला बाजारही चांगला आहे, मात्र तो सोमवारी बंद असतो.

उपाहारगृहाच्या दारावर किंवा मेनूवर कढईवर घराचे छप्पर असे चित्र दिसले तर थांबावे. 2014 पासून फ्रान्समध्ये हे ‘फे मेझों’, म्हणजे तेथेच रांधलेल्या पदार्थाचे, कायदेशीर चिन्ह आहे. ‘मेत्र रेस्तोरातर’ ही पाटी त्याहून भक्कम समजावी, कारण ती पदवी शासन तपासणीनंतर देते. दुपारी ‘प्ला द्यु झूर’, म्हणजे त्या दिवसाचा पदार्थ, घेणे परवडते. पाणी मागताना ‘काराफ दो’ म्हणावे, म्हणजे नळाचे पाणी फुकट येते. पाव फुकट असतो आणि सेवेचे शुल्क दरात धरलेले असते.

तुळस, पांढरे पावटे आणि भाज्यांचे ‘सूप ओ पिस्तू’ आणि रातातुई ही शिजवलेल्या भाज्यांची मिश्र भाजी हे सासूबाईंसाठी. ‘तापनाद’ ही ऑलिव्हची चटणी निरुपद्रवी दिसते, पण तिच्यात अँचोव्ही असतात. कासूले हा पावट्यांचा पदार्थ असला तरी तो बदक आणि डुकराच्या मांसात शिजतो, तेव्हा मेनूवर शेंगा-पावटे दिसले म्हणून भुलू नये.

नीसला ‘सोक्का’ खावा. चण्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढ्याचे, तांब्याच्या भल्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेले ते आपले बेसनाचे धिरडेच आहे. कडा कुरकुरीत, आत मऊ, वर मिरपूड. तो गार झाला की त्यात राम राहत नाही, म्हणून परात भट्टीतून बाहेर पडताना जेथे रांग हलते, तेथेच उभे राहावे. त्याच शहरात ‘क्युइझीन निसार्द’ अशी पाटी लावलेल्या जागा स्थानिक पद्धतीचे पदार्थ करतात. तेथे निसुआझ सॅलडमध्ये अंडे आणि मासे दोन्ही असतात, हे लक्षात असू द्यावे.

ऐरोलीकर

खारघरच्या मित्रांनी आरक्षणाबद्दल लिहिले ते दोन वेळांपुरते मला पूर्ण मान्य आहे: रविवारची दुपार आणि कोणत्याही सणाची सुट्टी. रविवारी दुपारी अख्खी स्पॅनिश कुटुंबे बाहेर जेवतात आणि जागा मिळत नाही. उलट रविवारची रात्र आणि सोमवार या वेळी चांगल्या जागाच बंद असतात, कारण ताजा मासळीबाजार भरलेला नसतो आणि कामगारांनाही सुट्टी हवी असते. सोमवारी माशांचा पदार्थ आग्रहाने सुचवणाऱ्या वाढप्याकडे दुर्लक्ष करावे. आपल्या मार्गात सोमवार कोठे येतात ते आधी पाहावे आणि त्या दिवशी प्रवास ठेवावा. 1 मे दोन्ही देशांत सुट्टीचा असतो. फ्रान्समध्ये 8 मे आणि बहुतेक वर्षी मे महिन्यातच येणारा असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार यांचीही भर पडते.

माद्रिदमध्ये सान मिगेलचा बाजार पाहण्यापुरता पाहावा आणि जेवायला आंतोन मार्तीनच्या बाजारात जावे, तेथे गल्लीतली माणसे पिशव्या घेऊन येतात. बार्सिलोनाच्या बोकेरिया बाजारातही रांब्ला या रस्त्याच्या बाजूची पहिली रांग सोडून आत जावे, रविवारी तो बंद असतो.

वालेन्सियात पाएया खायचीच असेल तर शहराबाहेर अल्बुफेरा सरोवराकाठच्या एल पाल्मार गावी दुपारी दोनला जावे. आदल्या दिवशी हॉटेलच्या स्वागतकक्षातून फोन करून घ्यावा आणि दोन कढया सांगाव्यात, एक कोंबडीची आणि दुसरी केवळ भाज्यांची, भाज्यांच्याच पाण्यात शिजवलेली. वेगळा वेळ काढून शहराच्या उत्तरेकडच्या अलबोरायाला जावे आणि ‘ओर्चाता’ हे पेय प्यावे. ते चुफा नावाच्या कंदाचे असते, दुधाचे नसते, आणि सासूबाईंसाठी बिनसाखरेचेही मागता येते.